स्ट्रोकनंतरच्या हातासाठी टीएमएस: 1 हर्ट्झ, 10 हर्ट्झ की थीटा बर्स्ट?

टीएमएस म्हणजे डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय पल्स देऊन मेंदूला उद्दीपित करणं; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती पल्स. प्रोटोकॉल (पल्स देण्याची पद्धत) निवडण्याआधी एक चाचणी करून घ्या: मेंदूच्या बाधित बाजूवर एकेक पल्स दिल्यावर लुळ्या हाताच्या स्नायूत प्रतिसाद उमटतो का? अंगठा आणि तर्जनीमधल्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावा. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल मध्यरेषेशी 45 अंशांत, मूठ मागे राहील अशी धरा. 10 पैकी 5 वेळा किमान 50 मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद आणणारी सर्वांत कमी ताकद म्हणजे विश्रांतीतला मोटर थ्रेशोल्ड.

निरोगी बाजूला 1 हर्ट्झ

यामागचा तर्क असा, की मेंदूचा निरोगी अर्धगोल बाधित अर्धगोलाला दाबून ठेवतो. त्याला शांत केलं की दुसऱ्याला वाव मिळतो. थ्रेशोल्ड निरोगी हातावरून सहज मिळतो आणि आकडीचा धोका सर्वांत कमी. 2020 च्या युरोपीय तज्ज्ञगटाच्या शिफारशींत, स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हातासाठी याच पद्धतीला 'अ' दर्जा (पुराव्याचा सर्वांत वरचा) आहे. पण 2018 मध्ये आलेल्या नीश चाचणीत, स्ट्रोकला 3 ते 12 महिने झालेल्या 199 रुग्णांमध्ये, खऱ्या आणि लुटुपुटूच्या उद्दीपनात फरक दिसला नाही. दोन्ही गट सुधारले, कारण दोघांनाही भरपूर व्यायाम मिळाला होता. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णाला याची फार आशा दाखवू नये.

1200 पल्सना 20 मिनिटं लागतात. तेवढ्यात रुग्णाची मान कलते, कॉइलची कड उचलली जाते आणि चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानं घटतं. नेव्हिगेशन (कॉइलची जागा पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) नसेल तर टोपीवर कॉइलची जागा आणि दिशा दोन्ही आखून ठेवा.

बाधित बाजूला 10 हर्ट्झ

5 सेकंद पल्स, 25 सेकंद विश्रांती, अशा 20 फेऱ्या म्हणजे 10 मिनिटांत 1000 पल्स. पुराव्याचा दर्जा 'ब'. प्रतिसाद उमटत असेल तरच हे पटतं. नसेल तर निरोगी बाजूची जागा आरशासारखी उलटून, तिथलाच थ्रेशोल्ड घेऊन अंदाजानं काम करावं लागतं. कॉइल लवकर तापून मशीन थांबतं, तेही धरून चला. कॉर्टेक्सपर्यंत (मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत) गेलेली इजा, पूर्वीची आकडी, झोपमोड, अचानक बंद केलेलं औषध यांतलं काही असेल तर थांबलेलं बरं.

थीटा बर्स्ट

सगळा ओढा सध्या इकडे आहे. 50 हर्ट्झनं 3 पल्स, असे झुपके सेकंदाला 5. 2 सेकंद चालू, 8 सेकंद बंद. 600 पल्स 192 सेकंदांत उरकतात, त्यामुळे व्यायामाला वेळ उरतो. मूळ पद्धतीत ताकद 'सक्रिय' थ्रेशोल्डच्या 80 टक्के. तो मोजायला स्नायू हलकेच आवळून धरावा लागतो आणि लुळ्या हाताला नेमकं तेच जमत नाही! मग विश्रांतीतल्या थ्रेशोल्डवरून ताकद ठरवतात. तसं केलं तर नोंदवहीत लिहा. निरोगी माणसांतही याचा परिणाम कधी अपेक्षेच्या उलट येतो.

मग काय निवडावं?

पहिले काही महिने, प्रतिसाद आहे: 1 हर्ट्झ. वेळ तुटपुंजा असेल तर बाधित बाजूला थीटा बर्स्ट. इजा मोठी आणि प्रतिसाद शून्य असेल तर निरोगी बाजू दाबण्याआधी दोनदा विचार करा. अशा रुग्णात उरलीसुरली हालचाल तिच्याच आधारावर असू शकते. दोन अर्धगोलांच्या स्पर्धेचा जुना सिद्धांत सर्वांना लागू नाही, हेच आता संशोधनातून पुढे येतंय.

डोक्यात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा कॉइलजवळ लोहयुक्त क्लिप असेल तर यातलं काहीच नाही. बाकीच्यांना कानात बोळे, आणि कॉइल उतरताच हाताचा व्यायाम. पल्स देऊन रुग्णाला घरी पाठवलं तर सत्र वाया गेलं समजा.