इकॉनॉमी पीटीओ: फवारणीला सोन्यासारखा, काळ्या वावरात रोटाव्हेटरला अपुरा

४५ ते ५० एचपीच्या बऱ्याच नव्या ट्रॅक्टरांत पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याच्या) लिव्हरला, म्हणजे दांडीला, दोन जागा मिळतात, साधा ५४० आणि इकॉनॉमी ५४०. शोरूममध्ये सांगतात, "इकॉनॉमीत टाका, डिझेल वाचेल." यात खोटं काही नाही, पण निम्मंच सांगितलेलं असतं.

दोन्ही जागांवर मागच्या सहा स्प्लाइनच्या (खाचांच्या) दांड्याला मिनिटाला ५४० फेरेच मिळतात. बदलतो तो इंजिनाचा वेग. काही मॉडेलांवर साध्यासाठी २१०० आणि इकॉनॉमीसाठी १६०० असे आकडे असतात. खालचा हिशोब याच जोडीवर केलाय. आपल्या ट्रॅक्टरचे आकडे पुस्तिकेत पाहून घ्या, शेजाऱ्याचे लावू नका.

आता ताकदीचं बघू. ५० एचपीचं इंजिन २१०० वर साधारण १७ किलोग्रॅम-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. वेग उतरला की टॉर्क थोडा चढतो. तो १६०० ला १९ झाला असं धरलं, तरी तिथे इंजिनाची ताकद ४२ एचपीच भरते. पीटीओपर्यंत जाताना दहा-पंधरा टक्के गळती होते, म्हणजे अवजाराला ३६-३७ एचपी. साध्या ५४० मध्ये हाच आकडा ४३-४४ असतो. पण खरा घाटा या सहा-सात एचपीचा नाही. २१०० वर चालणारं इंजिन भार पडून १८०० वर आलं, तर टॉर्क वाढल्याने ते स्वतःच सावरतं. १६०० वर ते आधीच टॉर्कच्या माथ्याजवळ असतं, त्यामुळे पुढचा दणका सोसायला हातात काही राहत नाही. भरीव ढेकळाला लागलं की धूर काळा पडतो आणि गाडी बंद. इकॉनॉमीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे एचपीवरून नाही, या शिलकीवरून ठरवायचं.

फिरत्या पात्यांनी माती कापणाऱ्या रोटाव्हेटरला म्हणूनच आमचा नकार आहे. रावेर-यावलकडच्या काळ्या जमिनीत, केळीची बाग मोडून खोडं गाडायची असतील तर सहा फुटी रोटाव्हेटर इकॉनॉमीत घालूच नये. तापीकाठच्या हलक्या पोयट्यात, एकदा कल्टिव्हेटर फिरलेल्या वावरात पाच फुटी चालतो, पण तिथेही एक मेख आहे. दोन्ही जागांवर रोटरचा (पात्यांच्या दांड्याचा) वेग तोच, समजा मिनिटाला २०० फेरे. चाकं मात्र इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात फिरतात, म्हणून त्याच गिअरमध्ये गाडी २४ टक्के हळू चालते. सहा पात्यांच्या फ्लँजवर (पाती बसवायच्या चकतीवर) एका बाजूची तीन पाती धरा. तासाला ३ किलोमीटरने प्रत्येक पातं ८.३ सेंटिमीटर माती कापतं. इकॉनॉमीत वेग २.३ च्या आसपास येतो आणि काप ६.३ सेंटिमीटरवर. माती पिठासारखी होते, पहिल्याच पावसात तिच्यावर पापडी धरते आणि उगवण अडते. शिवाय एकराला वेळ ३१ टक्के जास्त लागतो. तासाचं डिझेल कमी दिसतं, एकराचं तेवढंच किंवा जास्त. टाकी काठोकाठ भरून एक एकर करा, पुन्हा काठोकाठ भरा. हिशोब एकरावर धरायचा, तासावर नाही.

गिअर एक वाढवून वेग परत मिळवता येतो, पण मग भार वाढतो आणि गाठ पुन्हा त्या शिलकीशी पडते. माती बारीक होतेय असं वाटलं, तर आधी रोटाव्हेटरच्या मागच्या झाकणातली गिअरची जोडी पाहा. मल्टीस्पीड गिअरबॉक्समध्ये १६ आणि १८ दातांची जोडी उलटी केली की रोटरचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी बदलतो, १९० चा २४०. झाकण उघडलंच आहे तर तेलाची पातळीही बघून घ्या. रेस कमी करून रोटर हळू करणं हा इलाज नव्हे. त्याने गाडी आणि रोटर दोन्ही सारखेच मंद होतात, काप तेवढाच राहतो आणि इंजिन उगाच दमतं.

फवारणीला मात्र इकॉनॉमीला पूर्ण गुण. एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप आणि हवेच्या झोताने औषध उडवणारा मध्यम पंख्याचा ब्लोअर यांचा भार एकसारखा असतो, त्यात दणके नाहीत. आवाज कमी होतो आणि ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत टिकतो. फक्त एक हिशोब विसरू नका. पंप ५४० वरच आहे, पण गाडी २४ टक्के हळू झाली, म्हणजे एकराला २०० लिटर पडत होतं तिथे २६० च्या वर पडेल. औषध जास्त, खर्च जास्त, आणि पानांवरून गळून जमिनीवर. एक गिअर वर घ्या. मग १०० मीटरला किती सेकंद लागतात ते मोजून नोझल किंवा दाब नव्याने बसवा. केळीच्या पानांवरच्या करपा रोगासाठी हवा वरच्या पानापर्यंत पोहोचली पाहिजे, म्हणून पंख्याला हलका-जड (कमी-जास्त वेगाचा) टप्पा असेल तर इकॉनॉमीतही जड टप्पाच ठेवा. एवढ्याने इंजिनाच्या वेगाची सुई १५० फेऱ्यांहून जास्त खाली बसली तर साध्या ५४० वर या. पंख्याचा वेग दहा टक्के घटला की हवाही तेवढीच घटते. करप्याला ते चालत नाही.

पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या झाडांची) कुट्टी करणाऱ्या श्रेडरला इकॉनॉमी नकोच. बोंडअळी रोखण्यासाठी हंगाम संपताच पऱ्हाटी बारीक करायची असते. हातोड्यांचा टोकाचा वेग पडला की काडी कापली न जाता रोटरला गुंडाळते आणि पट्टे सरकून जळतात.

मळणी यंत्राचं उत्तर टाकणाऱ्या हातावर अवलंबून आहे. दादर ज्वारी किंवा गहू सारख्या मापाने टाकला तर इकॉनॉमी नीट चालते. कवळा एकदम ढकलला की वेग बसतो आणि दाणा भुशात जातो. हरभरा फुटतो म्हणून रेस कमी करायची सवय सगळीकडे दिसते. ती चूक आहे, कारण ड्रमसोबत पंखा आणि चाळणीही मंद होतात आणि धान्यात भूस राहतो. ड्रमची पुली बदला, रेस ५४० वरच ठेवा. पीटीओवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला इकॉनॉमी चांगली, फक्त मीटरवर भाराखाली ५० हर्ट्झ दिसले पाहिजेत.

या सोयीतली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे दांडी इकॉनॉमीतच राहते, आणि दुसरा कोणीतरी सवयीने रेस २१०० पर्यंत ओढतो. तेव्हा पीटीओ ७०९ वर जातो. फिरत्या भागावरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुमारे १.७ पट. ब्लोअरचा पंखा फुटणं, शिअर बोल्ट (जास्त भाराला आधी तुटणारा बोल्ट) तुटणं, शाफ्टचा क्रॉस (सांध्याचा तुकडा) उडणं, बरेचदा याचंच फळ. दांडीजवळ रंगाने १६०० लिहून ठेवा. जागा बदलताना रेस अगदी खाली, क्लच पूर्ण दाबलेला, दांडा थांबलेला.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा आणखी एक अडचण. रेडिएटरचा पंखा इंजिनावरच फिरतो. १६०० वर हवा कमी आणि इंजिन भाराच्या माथ्यावर, त्यात जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ. तापमानाचा काटा चढू लागला तर अवजार उचला, भार काढा आणि जाळी साफ करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

डॅशवरच्या सुईवर पूर्ण भरवसा नको. चमकणारी पट्टी लावून मोजणारा डिजिटल टॅकोमीटर घ्या. इंजिन बंद असताना पट्टी मोकळ्या पीटीओ दांड्यावर चिकटवा. मग चालू करून, गमछा आणि सैल बाही आवरून, बाजूला उभं राहून मोजा. ५४० दिसेल तिथे डॅशच्या काचेवर खूण करा, दोन्ही जागांची वेगळी.

घ्यावा का? बाग, फवारणी आणि मळणी जास्त असेल तर दोन-वेगी पीटीओचे जादा पैसे वसूल होतात. फक्त रोटाव्हेटर आणि ट्रॉली असेल तर तेवढ्यात चांगला स्लिप क्लचचा (जास्त भाराला घसरून अवजार वाचवणारा) शाफ्ट येतो का, ते विचारा. ट्रॅक्टर ताब्यात घेताना दोन्ही जागांवर पीटीओ चालवून, टॅकोमीटर लावून आकडे पाहा, आणि दांडी इकॉनॉमीतून आपोआप सुटत नाही ना, हे दहा मिनिटं भार देऊन तपासा.