हातमागावर जनावराचं नाव: रंगवायचं की कोरायचं?
पोळ्याला शिंगं रंगवून उरलेल्या ऑइलपेंटनं मी मागाच्या खांबावर ‘सर्जा’ लिहिलं होतं. वाळायच्या आत कोसा रेशमाच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, निळा डाग लागला, घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. वर्षभरात हात लागून ‘स’ पुसला. आता नुसता ‘र्जा’!

कोरलेलं मात्र टिकतं. कपिला गाय गेली तेव्हा सुताराकडून तिचं नाव कोरून, पॉलिशपेपरनं घासून घेतलं. बोट फिरवलं की अजून लागतं. फक्त जागा बघा. आडवा धागा नेणारा धोटा धावतो ती पट्टी आणि कापड गुंडाळायचा रूळ सोडा; तिथं एक कुसळ निघालं तरी करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या करवतकाठी लुगड्याचा धागा ओढला जातो.

मांजरीचं नाव पोरं दर महिन्याला बदलतात. तिच्यासाठी खडू.