घर-तपासणीसाठी शिडी: अ‍ॅल्युमिनियम की फायबरग्लास?

घर-तपासणीच्या कामात नव्याने उतरणारे बहुतेक जण ६ फुटी घडीच्या शिडीपाशी अडतात.

आधी विजेचं बघा, कारण जीव तिथेच जातो. अ‍ॅल्युमिनियममधून वीज थेट वाहते. फॉल्स सीलिंगमधली उघडी वायर किंवा गळतीने ओला झालेला पंख्याचा पॉइंट हाताला लागला, तर तुमच्या अंगातून शिडीमार्गे जमिनीपर्यंत वाट तयार होते. कोरड्या, स्वच्छ फायबरग्लासमध्ये ही वाट तुटते. पण ओल आणि सिमेंटची धूळ बसली की पृष्ठभागावरून वीज सरकू शकते, म्हणून शिडी पुसूनच उघडा. आणि शिडी कोणतीही असो, सीलिंग उघडण्याआधी मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करणं चुकत नाही.

वजनात अ‍ॅल्युमिनियम सरस. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गेल्यावर हा फरक खांद्याला कळतो. किंमतही कमी.

टिकाऊपणात दोघींची दुखणी वेगळी. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वाकला की ठोकून सरळ करू नका, धातू तिथे कमजोर झालेला असतो. फायबरग्लास सतत उन्हात ठेवली तर वरचा थर झिजून तंतू हाताला टोचतात. तडा दिसला तर ती मोडीतच.

वायरिंग, डीबी (घरातल्या वीज-स्विचांची मुख्य पेटी), माळे, गळती तपासणाऱ्याने जादा वजन सोसून फायबरग्लासच घ्यावी. वीजजोडणी न झालेल्या नव्या इमारतीत फक्त प्लास्टर, टाइल, खिडक्या पाहणाऱ्याला अ‍ॅल्युमिनियम पुरते.