खान्देशातल्या कॉलेजात मुलांना बोलतं करायचंय, तर कोणतं वेब साधन घ्यावं?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात तुम्ही शिकवत असाल आणि येत्या सत्रात मुलांना नुसतं ऐकवायचं नाही, विचार करायला लावायचं असं ठरवलं असेल, तर समोर साधनांची गर्दी आहे. गूगल फॉर्म, कहूट, मेंटीमीटर, प्लिकर्स, मूडल, शिवाय व्हॉट्सअ‍ॅप आहेच. कार्यशाळांमध्ये यातलं प्रत्येक साधन छान चालतं, कारण तिथे प्रत्येकाच्या हातात चांगला फोन असतो आणि सभागृहात वायफाय असतं. आपल्या वर्गात पहिल्या वर्षाला शंभराच्या पुढे मुलं असतात. कोणी धडगावकडच्या पाड्यावरून आलेलं, कोणी सकाळच्या एसटीने तासभर उभं राहून आलेलं. कित्येक मुलींच्या घरी एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात असतो. त्यामुळे निवड करताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: ज्याच्याकडे फोन नाही, तो मुलगा या तासाला काय करेल?

एवढी यातायात करावी का, अशी शंका असेल तर एक आकडा सांगते. २०१४ साली अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास झाली होती. मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावलं तिथे हे प्रमाण २१.८ टक्के होतं. वर्ग आपले नव्हते हे खरं, पण नापासांचं ओझं आपल्याकडेही कमी नाही.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून रूढ केलेली पद्धत साधी आहे. संकल्पनेवर एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं. उत्तरं फाटली असतील तर शेजाऱ्याला पटवायला सांगायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. शिकणं घडतं ते या दोन मतदानांच्या मधल्या मिनिटांत. तंत्रज्ञानाचं काम फक्त उत्तरं झटपट गोळा करण्याचं. म्हणून जे साधन ती मधली मिनिटं खाऊन टाकतं, ते कितीही देखणं असलं तरी मी बाजूला ठेवते.

या कसोटीवर प्लिकर्स माझ्या मते सगळ्यांत पुढे आहे. इथे मुलांना फोन लागतच नाही. साध्या कागदावर छापलेलं एक कार्ड प्रत्येकाला द्यायचं. कार्डावर काळा चौकोनी ठसा असतो, प्रत्येक मुलाचा वेगळा. चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात की शेजाऱ्याला दिसत नाहीत. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. तुम्ही समोर उभं राहून आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय निवडलं याची नोंद होत जाते. नेट लागतं ते फक्त तुमच्याकडे, त्यामुळे तुमचा हॉटस्पॉट पुरतो.

मी विजेच्या धड्याला हमखास विचारते तो प्रश्न असा: दोन सारखे दिवे बॅटरीला एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक, लावले आहेत. त्यातल्या एकाच्या दोन टोकांना जाड तार जोडली, तर दुसऱ्याचं काय होईल? पहिल्या फेरीत बरीच कार्डं ‘विझेल’कडे वळतात. मग बोला म्हटलं की वर्ग अहिराणीवर येतो. ‘दुसराबी बंद हुई जाई’ असं एकजण ठासून सांगतो आणि मागच्या बाकावरची मुलगी त्याला विचारते की, विरोध कमी झाला तर प्रवाह वाढेल की कमी होईल? दुसऱ्या फेरीत कार्डं ‘जास्त प्रकाश देईल’कडे फिरलेली दिसतात. ही चर्चा अहिराणीत, भिलीत, पावरीत, मुलं बोलतील त्या बोलीत होऊ द्या, असा माझा आग्रह आहे. प्रमाण मराठी आणि इंग्रजी संज्ञा नंतर फळ्यावर येतातच.

प्लिकर्सची अडचण संख्येची आहे. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, मोठ्या संचात ६३. वर्ग त्याहून मोठा असेल तर दोघांत एक कार्ड द्या. मत देण्याआधी दोघांना एकमेकांशी बोलावंच लागतं, म्हणजे ही तडजोड फायद्याचीच ठरते. आणि मोकळं, स्वतःच्या शब्दांतलं उत्तर मात्र कार्डावर देता येत नाही.

ते हवं असेल तर मेंटीमीटर चांगलं. मुलं कोड टाकून आत येतात, नाव न देता मराठीत लिहितात आणि सगळ्यांचे शब्द पडद्यावर येतात. लाजाळू मुलांसाठी नाव नसणं फार मोलाचं आहे. कधी हात वर न करणारी मुलं इथे लिहितात. पण मोफत खात्यात सहभागींच्या संख्येवर मर्यादा असते, ती आपल्या पटाशी आधी ताडून पाहा. पदव्युत्तरच्या लहान वर्गाला हे साधन शोभतं.

कहूट या फोनवरच्या प्रश्नमंजुषेच्या खेळाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मुलांना ते मनापासून आवडतं, वर्ग दणाणून जातो. पण त्यात बरोबर उत्तराला वेगाप्रमाणे गुण मिळतात. ज्याला वाचायला वेळ लागतो, ज्याचं नेट अडखळतं, ज्याला दोनदा विचार करायची सवय आहे, तो प्रत्येक वेळी मागे पडतो. आणि तीच सवय तर आपल्याला लावायची आहे. घटक संपल्यावर उजळणीला घ्या, नवी संकल्पना शिकवताना नको.

गूगल फॉर्म वर्गात वापरण्यापेक्षा आदल्या दिवशी वापरा. रात्री मुलांना रेंज मिळेल तेव्हा दोन प्रश्न सोडवू द्या आणि तिसरा प्रश्न विचारा: ‘काय समजलं नाही?’ सकाळी ती उत्तरं वाचून तास ठरवायचा. लॉगिनची अट काढून टाकली तर भावाच्या फोनवरूनही फॉर्म भरता येतो. घरी रेंजच नसलेल्या मुलांसाठी तेच प्रश्न सकाळी कागदावर घ्या.

लिंक पोचवायला व्हॉट्सअ‍ॅप हवंच, त्याला पर्याय नाही. तिथल्या पोलवर मात्र संकल्पनेचे प्रश्न टाकू नका. कोणी काय निवडलं ते ग्रुपवर दिसतं, आणि वर्गातला हुशार मुलगा जिकडे गेला तिकडे सगळे जातात.

मूडलचा निर्णय एकट्या शिक्षकाने घेऊ नये. धडे, चाचण्या आणि चर्चा एकाच ठिकाणी ठेवणारी ही २००२ पासूनची मुक्त प्रणाली आहे, परवाना फुकट. पण सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. असा माणूस कॉलेजात असेल तर मूडलसारखं दुसरं काही नाही. त्यात चर्चेचा एक प्रकार असा आहे की स्वतःचं उत्तर लिहिल्याशिवाय इतरांचं दिसतच नाही, त्यामुळे नकलेला जागाच राहत नाही. मोबाइल अ‍ॅपवर धडे उतरवून घेता येतात, आणि तशी परवानगी दिली तर चाचणीसुद्धा नेटशिवाय सोडवून नंतर पाठवता येते. अक्कलकुवा-तळोद्याकडच्या मुलांसाठी ही सोय खरोखर कामाची आहे. माणूस नसेल तर गूगल क्लासरूमवर भागवा. ते नोट्स आणि गृहपाठापुरतं ठीक आहे.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट जरूर पाहावं. कार्ल वीमन या नोबेल विजेत्याने २००२ साली सुरू केलेला हा सादृशीकरणांचा, म्हणजे पडद्यावर करून पाहायच्या प्रयोगांचा, संच मोफत आहे, त्यातली बरीच सादृशीकरणं मराठीत आहेत आणि फाइल उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. वर सांगितलेला दोन दिव्यांचा प्रश्न दुसऱ्या मतदानानंतर तिथे तार जोडून डोळ्यांनी दाखवता येतो. आधी दाखवू नका, नाहीतर चर्चेला काही उरत नाही.

वाणिज्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र असेल तर माझी पसंती गूगल शीटला. रावेर-यावलच्या मुलांना केळीचे रोजचे भाव एकाच तक्त्यात भरायला सांगा, रावेरचे आणि बऱ्हाणपूरचे शेजारी शेजारी. महिनाभरात सरासरी, विचलन, सहसंबंध शिकवायला घरचाच माल तयार होतो. कोणी काय भरलं तेही आवृत्तीच्या इतिहासात दिसतं.

सुरुवात करत असाल तर पहिल्या सत्रात दोनच गोष्टी घ्या: रात्री गूगल फॉर्म, वर्गात प्लिकर्स. आठवड्याला दोन प्रश्न पुरेत, कारण चांगला प्रश्न तयार करायलाच खरा वेळ लागतो. अंतर्गत गुण द्यायचे असतील तर भाग घेतल्याचे द्या, बरोबर उत्तराचे नकोत. गुण लागले की मुलं शेजाऱ्याशी वाद घालायचं सोडतात आणि त्याचं कार्ड कुठे वळतंय ते बघायला लागतात.