ड्युकाटोत पाय पुरत नाहीत: उशी, पाट, पेडलचे ठोकळे की बुटका बेस?

ब्रिटन आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या कितीतरी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, फियाट ड्युकाटोवर किंवा तिच्या जुळ्या भावंडांवर, म्हणजे प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन रिलेवर, बांधलेल्या असतात. मूळ गाडी मालवाहू व्हॅन, त्यामुळे बैठक आधीच खुर्चीसारखी उंच. त्यात सीट राहत्या खोलीकडे वळावी म्हणून खाली फिरती प्लेट बसवतात आणि बैठक आणखी ३ ते ५ सेंमी वर जाते. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या चालकाची टाच मग अधांतरी राहते. पेडल लांब आहे असं वाटून लोक पेडलचे ठोकळे मागवतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सीट उंच असते.

म्हणून खरेदीआधी दहा मिनिटं मोजमापाला द्या. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, पायात रोजचे बूट, पाठ पूर्ण टेकलेली, पट्टा लावलेला. क्लच तळापर्यंत दाबा. परीक्षा क्लचवरच घ्यायची, कारण सर्वात लांब प्रवास त्याचा असतो. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक जोरात दाबून बघा. तीन गोष्टी पाहा: टाच मॅटवर टेकते का, पेडल तळाला असताना गुडघा थोडा वाकलेला राहतो का, आणि स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेंमी अंतर उरतं का. हे अंतर एअरबॅगसाठी आहे, अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने सांगितलेलं. सीट पुढे ओढत गेलात की सगळ्यात आधी तेच संपतं.

| उपाय | कशासाठी बरा | कुठे फसतो |
|---|---|---|
| पाठीमागे घट्ट उशी | ३-४ सेंमीची कमतरता, भाड्याची गाडी | डोकं हेडरेस्टपासून दूर जातं |
| टाचेखाली पाट | टाच टेकत नाही, पण चवडा पेडलवर पोचतो | सुटला तर ब्रेकखाली सरकतो |
| पेडलचे ठोकळे | टाच टेकूनही चवडा पोचत नाही | दुसऱ्या चालकाला अडचण |
| बुटका सीट-बेस | फिरत्या प्लेटने वाढलेली उंची | खर्च, खालची वायरिंग |

उशीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. घट्ट फोमची, पट्ट्याने सीटला बांधलेली घ्या. सीटवर बसायला मऊ गादी मात्र नको. ती टाच आणखी वर नेते, आणि धडकेत दबून कमरेचा पट्टा पोटावर सरकू देते. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर उशीचा किंवा कव्हरचा पट्टा त्या शिवणीवरून नेऊ नका.

पाट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीचा केला जाणारा. १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून, स्क्रूने आवळले की ३६ मिमी उंची मिळते. बहुतेकांना तेवढी पुरते. मॅट काढून खालच्या जमिनीचा कागदी साचा घ्या, कारण तिथे उतार आणि वळसे असतात. पाट फक्त टाचेच्या जागेपुरता, पेडलच्या अलीकडेच संपणारा हवा. तिन्ही पेडल हाताने तळापर्यंत दाबा: पेडलची खालची कड आणि पाट यांत निदान दोन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. न राहिल्यास ब्रेक अर्ध्यातच अडेल, आणि हे पार्किंगमध्ये हळू ब्रेक मारताना कळत नाही. नुसत्या वेल्क्रोवर विसंबू नका. ओल्या बुटांची माती आणि पाणी तिची पकड घालवतात. मूळ मॅटच्या खुंट्या किंवा बोल्ट वापरून पाट खिळवा. नवीन भोक पाडायचं तर आधी खाली वाकून वायर आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते बघा. वर खरखरीत रबर. सैल मॅट त्याच्यावर टाकायची नाही.

पेडलचे ठोकळे ॲल्युमिनियमचे, चिमट्याने पेडलवर आवळायचे. यात लोक एक चूक हमखास करतात: ब्रेकवर ठोकळा आणि ॲक्सिलरेटर तसाच. दोन्हींच्या पातळीतला मूळ फरक बदलला की पाय उचलून सरकवताना बुटाची कड अडकते. बसवाल तर तिन्ही पेडलना सारखी उंची द्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा, कारण पेडलचं रबर दबतं आणि चिमटा सैल होतो. टाच टेकत नसताना नुसते ठोकळे लावले तर सगळी मांडी अधांतरी धरून गाडी चालवावी लागते. तासाभरात पोटरी भरून येते आणि ॲक्सिलरेटर थरथरतो. म्हणजे आधी टाच, मग चवडा.

पैसे घालायचेच तर आमचं मत बुटक्या बेसला. फिरती प्लेट ठेवून तिने वाढवलेली उंची परत घेणारा तयार बेस मिळतो. मांडीला आधार, पाय जमिनीवर, हेडरेस्ट जागेवर, सगळं एकदम सुधारतं. पण स्थानिक वेल्डरकडून सीटखालचा मूळ डबा, म्हणजे गाडीचा बेस, कापून घेऊ नका. पट्ट्याचं बक्कल सीटला असतं, म्हणजे धडकेचा ताण या डब्यातूनच जमिनीत उतरतो. पट्ट्याच्या आधारांसाठी युरोपचा आर १४ आणि सीटसाठी आर १७ हे नियम त्याचसाठी आहेत. त्यांची चाचणी झालेला बेसच घ्या. सीट उचलण्याआधी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटं थांबा, मगच खालची एअरबॅगची पिवळी जोडणी सोडवा. ती सुटी असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि पुसायला गॅरेज गाठावं लागतं. सीटखाली राहत्या भागासाठीची वेगळी बॅटरी किंवा चार्जर बसवलेला असेल तर बुटका बेस मावणारच नाही, ते आधी बघा.

आता हँडब्रेक. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो सीट आणि दार यांच्या मध्ये, उजव्या हाताला. खाली वाकून ओढणं जड जात असेल तर दांड्यावर नळी चढवण्याआधी केबल तपासून घ्या. खूप खटके वर आल्यावरच धरत असेल तर दोष हाताचा नाही, समायोजनाचा आहे. ‘हँडब्रेक खाली करायचं ब्रॅकेट’ या नावाने जे विकतात, ते सीट वळवताना दांडा आड येऊ नये म्हणून. आखूड हाताच्या चालकाला त्याने दांडा आणखी दूर जातो. आणि सीट वळवायला हँडब्रेक सोडावा लागत असेल तर आधी गिअर टाका, चाकांना अडण्या लावा.

ब्रिटनमध्ये कोणताही बदल विमा कंपनीला कळवा. परवान्यावर २०, २५ किंवा ४३ हे कोड असतील (अनुक्रमे ब्रेक, ॲक्सिलरेटर, सीट), तर तसा बदल केलेलीच गाडी चालवायची असते. सांध्यांच्या दुखण्यामुळे पाय पोचत नसेल तर ‘ड्रायव्हिंग मोबिलिटी’ या, शारीरिक अडचणी असलेल्या चालकांची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या केंद्रात तपासणी करून मगच खरेदी करा. आणि पुण्या-मुंबईहून येऊन आठ दिवसांसाठी गाडी भाड्याने घेणाऱ्यांना उशी आणि न वाकणाऱ्या तळाचे बूट एवढंच शक्य आहे. ताबा घेताना यार्डातच क्लच दाबून बघा. तिथे गाडी बदलून मिळते, मोटरवेवर नाही.