नायलॉनचे चार पट्टे आणि नागपूरचे आठ महिने

माझ्या हातात बाबांचे एचएमटी जनता असते. रोज सकाळी चावी द्यावी लागणाऱ्या या घड्याळाला १८ मिलिमीटरचा पट्टा लागतो. त्याचा चामडी पट्टा दर उन्हाळ्यात घामाने कुजायचा. गेल्या मार्चमध्ये असाच एक पट्टा आतून काळा पडून उकलला, तेव्हा मी चामडे कायमचे सोडले आणि नायलॉनकडे वळले. मार्च ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत नाटो, सिंगल पास, सीटबेल्ट विणीचा आणि पर्लॉन असे चार पट्टे आलटून पालटून वापरले. दुकानात हे सगळे ‘नायलॉनचा पट्टा’ म्हणूनच दाखवले जातात. हातावर मात्र प्रत्येकाचा स्वभाव वेगळा निघाला. हा फरक रंगात किंवा पट्ट्यांच्या नक्षीत फारसा नाही. घड्याळाखाली कापडाचे किती थर जातात आणि ते कापड किती जाड आहे, यावर जवळजवळ सारे अवलंबून आहे.

सुरुवात नाटोपासून केली, कारण तोच सगळीकडे मिळतो. हा पट्टा मुळात ब्रिटिश लष्कराचा. त्यांच्या संरक्षण खात्याने नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याचे प्रमाण ठरवून दिले, तेव्हा तो राखाडी रंगाचा आणि २० मिलिमीटर रुंदीचा होता. सैनिकाला तो मिळवण्यासाठी जी १०९८ क्रमांकाचा अर्ज भरावा लागे, म्हणून त्याचे जुने नाव जी-टेन. नाटो हे नाव नंतर रूढ झाले. त्याच्या रचनेतली खरी खुबी म्हणजे बकलाजवळ शिवलेला दुसरा आखूड तुकडा. लांब पट्टा घड्याळाच्या दोन टोकांना पट्टा अडकवायच्या ज्या स्प्रिंगच्या पिना असतात, त्या दोन्हींखालून आणि घड्याळाच्या पाठीमागून ओवला जातो, पुढे या आखूड तुकड्याच्या कडीतून बाहेर येतो, आणि त्यामुळे घड्याळ पट्ट्यावरून इकडेतिकडे घसरत नाही.

माझे मनगट जेमतेम पंधरा सेंटिमीटरचे आहे. नाटोचा लांब भाग २८० मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे बक्कल लावल्यावर मोठे शेपूट उरते. ते उलटे दुमडून कडीत खोचावे लागते आणि तिथे कापडाची गाठोडी दिसते. शिवाय घड्याळाखाली दोन थर आल्याने ते मनगटावर उंच बसते. जनता हे अंगाने पातळ घड्याळ. त्याच्या बारीकपणातच त्याची शोभा आहे, आणि नाटोवर ती हरवते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी शाळेतून गाडीवर घरी येताना, दोन थरांच्या मधे साचलेला घाम मनगटावरून ओघळायला लागला, तेव्हा मी हा पट्टा उतरवून ठेवला.

सिंगल पास म्हणजे तोच पट्टा, आखूड तुकड्याशिवाय. घड्याळाखाली एकच थर. त्याच्याकडे वळताना मनात धाकधूक होती, कारण नाटोचे दोन थर असतात म्हणूनच पिन तुटली तरी घड्याळ पडत नाही, असे मी अनेकांकडून ऐकले होते. ते खरे नाही, हे मला जुलैत स्वतःच्या हातावर पाहायला मिळाले. शाळेच्या व्हरांड्यात ओला रेनकोट काढत होते. बाहीच्या इलॅस्टिकमध्ये घड्याळ अडकले, मी हात ओढला आणि ‘टक्’ असा बारीक आवाज आला. बारा आकड्याच्या बाजूची पिन निसटली होती. घड्याळ उलटे होऊन दुसऱ्या पिनेवर लोंबकळत होते, पण पट्टा अखंड असल्यामुळे ते माझ्या हातातच राहिले. दोन तुकड्यांच्या चामडी पट्ट्यावर हेच घडले असते तर बाबांचे घड्याळ शहाबादी फरशीवर आपटले असते. पट्टा एकसंध असून दोन्ही पिनांखालून जातो, यातच सारी सुरक्षा आहे. ती एका थरातही तेवढीच मिळते. आखूड तुकडा फक्त घसरणे थांबवतो.

ते घसरणे मात्र सिंगल पासची खरी उणीव आहे. बक्कल उघडून पट्टा टोकाकडून धरला की घड्याळ सरळ खाली निसटते. आता मी हात टेबलावर टेकवूनच घड्याळ काढते. ज्यांना दिवसातून चार वेळा घड्याळ काढावे लागते, त्यांनी नाटोच घ्यावा.

त्या दिवशी संध्याकाळी सीताबर्डीत घड्याळ दुरुस्तीला दिले. कारागिरांनी निसटलेली पिन भिंगाखाली धरून दाखवली. तिच्या एका टोकाशी गंजाचा तपकिरी थर साचला होता आणि आतली स्प्रिंग अर्ध्यावरच अडकत होती. “ताई, पट्टे इतके बदलले, पिना मात्र जुन्याच ठेवल्या,” ते म्हणाले. दोन्ही पिना नव्या बसवायला फारच किरकोळ खर्च आला. जुन्या घड्याळाला नायलॉनचा पट्टा लावणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की आधी पिना बदला, मग पट्टा निवडा.

सीटबेल्ट विणीचा पट्टा चौघांत सर्वांत महाग आणि हाताला सर्वांत मऊ. मोटारीतल्या पट्ट्यासारखी त्याची वीण दाट आणि चकचकीत असते, कडा त्वचेला टोचत नाहीत. पण जनतासारख्या जुन्या घड्याळात पिन आणि घड्याळ यांच्यामधली फट अगदी अरुंद असते. तिथून हा जाड पट्टा ओवताना पिनेवर ताण येतो, ती किंचित वाकलेली डोळ्यांना दिसते. त्यामुळे मी तो महिनाभरातच बंद केला. झुलू नावाचा प्रकार याहूनही जाड असतो, म्हणून त्याच्या वाटेला गेले नाही.

पर्लॉनने मला सुखद धक्का दिला. हा पट्टा विणलेला नसून गोफासारखा गुंफलेला असतो. त्याचे नाव ज्या धाग्यावरून आले तो जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३८ मध्ये तयार केला. अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ मध्ये बनवलेल्या नायलॉनचाच तो भाऊबंद. पर्लॉनला भोके नसतात. बकलाचा काटा गोफाच्या दोन पेडांमधून हवा तिथे घालता येतो. माझ्यासारख्या बारीक मनगटाला याचे मोल फार आहे, कारण इतर पट्ट्यांवर एक भोक सैल आणि पुढचे करकचून, अशी नेहमीची अडचण असते. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत दुपारपर्यंत मनगट थोडे फुगते, तेव्हा काटा दोन पेड मागे घेतला की सुटल्यासारखे वाटते. गोफाच्या छिद्रांतून हवा खेळते हेही खरे. मात्र संध्याकाळी मनगटावर जाळीचा ठसा उमटलेला असतो, आणि खडूची भुकटी त्या छिद्रांत अशी बसते की फुंकर मारून निघत नाही. शिक्षकांनी काळा पर्लॉन घेऊ नये.

रंगाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगते. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की घाम पट्ट्यावरच आटतो आणि मिठाच्या पांढऱ्या रेघा मागे राहतात. गडद निळ्या सिंगल पासवर त्या भरतीच्या खुणांसारख्या एकावर एक दिसत. लष्करी राखाडी रंगावर ना मीठ दिसते ना खडू.

नायलॉनचा धागा स्वतः फार पाणी पीत नाही. साधारण हवेत तो आपल्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, सुती धागा त्याच्या दुप्पट. बाकीचे पाणी धाग्यांच्या मधल्या जागेत अडकते, म्हणून पट्टा जितका जाड आणि थर जितके जास्त, तितका तो उशिरा वाळतो. मेमध्ये धुतलेला सिंगल पास बाल्कनीच्या सावलीत चहा होईपर्यंत कोरडा व्हायचा. ऑगस्टमध्ये तोच पट्टा रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी दमट लागे, आणि नाटोला तर दुसऱ्या दिवशी कुबट वास यायचा. दमट पट्टा घड्याळाच्या पाठीला चिकटून राहणे धातूला चांगले नाही, त्यामुळे पावसाळ्यात एका घड्याळाला दोन पट्टे हवेतच. धुताना तो काढून घ्यावा, कोमट पाण्यात साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. वाळवावा सावलीत, कारण कडक ऊन नायलॉनला कमकुवत करते.

आठ महिन्यांनंतरची झीज अशी: सिंगल पासचे रोजच्या वापरातले भोक लांबट झाले आहे आणि त्याच्या काठाचे दोन धागे सुटले होते. गॅसवर तापवलेल्या सुईचे टोक मी त्यांना क्षणभर टेकवले, तसे ते वितळून मण्यासारखे घट्ट बसले. पर्लॉनचा गोफ काट्याजवळ थोडा सैलावला आहे. कमी वापरलेला नाटो जवळजवळ नवाच आहे, आणि थंडीत घामाचा त्रास नसल्याने तो पुन्हा काढणार आहे. रोजच्यासाठी मात्र सिंगल पासच, यावेळी राखाडी रंगाचा, दोन नग मागवले आहेत.