रोमँटिक कॉमेडी मुलांसोबत: सर्टिफिकेट बघायचं की आधी सिनेमा?

सर्टिफिकेट बघायला दोन सेकंद पुरतात. पूर्वी नुसतं ‘यूए’ असायचं, म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांचं आईबापांनी ठरवावं. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. बरं झालं, पण हा सल्लाच. दारात अडवतात ते फक्त ‘ए’ला.

आधी स्वतः बघायचं म्हणजे दोन-अडीच तास गेले, रविवारची डुलकीही गेली. तरी माझं मत याच बाजूने. शिव्या, चुंबनं सर्टिफिकेटवाल्यांच्या नजरेत चटकन भरतात. नायिका तीनदा ‘नाही’ म्हणते, नायक गाणं म्हणत बसस्टॉपपर्यंत तिच्या मागे, आणि शेवटी ती हसते, हे मात्र ‘विनोदी’ म्हणून सहज निसटतं. आमच्या आठ वर्षांच्या लेकीने अशाच एका प्रसंगात मोठ्याने विचारलं, “बाबा, ती नको म्हणतेय ना? मग हा जात का नाही?” माझ्या हातातलं पॉपकॉर्न हातातच राहिलं. चुंबनाला ती नुसती “ईईई” करून मोकळी झाली होती.

वेळच नसेल तेव्हा मी ओटीटीवर बाकीचं पुढे ढकलत निदान नायक नायिकेला पटवतो तेवढा भाग बघतो. गाणी तर आधी.